लेकीचा मीडिया स्टडीजचा पेपर: जाहिरात आणि मासिकाचं कव्हर 'वाचायचं' म्हणजे नक्की काय करायचं?

जाईजुई

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो, लेक जीसीएसईच्या वर्षाला आहे म्हणजे आपली दहावीच समजा, आणि तिने मीडिया स्टडीज घेतलंय. त्यात काही ठरलेल्या जाहिराती आणि मासिकांची कव्हर्स आहेत, त्यांचं विश्लेषण परीक्षेत लिहायचं असतं. सध्या तिच्यासमोर क्वालिटी स्ट्रीट चॉकलेटची १९५६ सालची जाहिरात आहे. मधोमध सुटातला तरुण, त्याच्या मांडीवर चॉकलेटचा डबा, दोन्ही बाजूंना दोन मुली त्याला अगदी खेटून, मागे सोनेरी फ्रेममध्ये जुन्या काळच्या पोषाखातलं एक जोडपं (ते डब्यावरचं जोडपं, मेजर क्वालिटी आणि मिस स्वीटली) आणि मोठ्या अक्षरात 'व्हॉट अ डिलिशस डिलेमा', म्हणजे काय गोड पेच पडलाय अशा अर्थाचं.

लेकीने लिहिलं की जांभळा रंग राजेशाही दाखवतो, सोनेरी रंग श्रीमंती दाखवतो, सूट म्हणजे तो शिकलेला आहे. बाईंनी समासात एवढंच लिहून वही परत दिली, "बरं, मग?" पोरगी दोन दिवस हिरमुसलीये आणि खरं सांगू का, मलाही कळेना की 'मग' काय. मी केमिस्ट्रीवाली, मला ती जाहिरात नुसती छान दिसते. दुसरी जाहिरात आहे ती 'धिस गर्ल कॅन' मोहिमेची, २०१५ ची, व्यायाम करताना घामाघूम झालेली बाई आणि वर ओळ 'स्वेटिंग लाइक अ पिग, फीलिंग लाइक अ फॉक्स'. मी म्हटलं अगं कोल्हा का? कोल्हा तर आपल्याकडे लबाड! तर ती म्हणाली आई, इथे फॉक्सी म्हणजे मस्त आकर्षक बाई. मग मी गप्पच बसले.

तर कुणी या विषयातलं असेल तर सांगा, 'वाचायचं' म्हणजे नेमकं काय करायचं?

निफाडकर

जाईजुई, धागा वाचून आनंद झाला, कारण हा विषय परका नाहीच. मी तीस वर्षं मराठी शिकवलं, त्यातली निम्मी वर्षं शब्दशक्ती शिकवण्यात गेली. अभिधा, लक्षणा, व्यंजना. शास्त्रातलं ठरलेलं उदाहरण, 'गंगायां घोषः', गंगेवर गवळीवाडा. शब्दशः घेतलं तर वाहत्या पाण्यावर वाडा कसा असेल, म्हणून आपण 'काठावर' असं समजून घेतो, ती लक्षणा. पण मग सरळ 'काठावर' का म्हटलं नाही? कारण 'गंगेवर' म्हटलं की गारवा आणि पावित्र्यही वाड्याला येऊन चिकटतं, ती व्यंजना. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने या ध्वनीवर, म्हणजे न बोलता सुचवलेल्या अर्थावर, अख्खा ग्रंथ लिहिला.

तुमच्या मुलीच्या पुस्तकात डिनोटेशन, कनोटेशन असे शब्द असतील. तिला सांगा, पहिलं म्हणजे वाच्यार्थ, सरळ दिसतो तो अर्थ, दुसरं म्हणजे व्यंग्यार्थाच्या, सुचवलेल्या अर्थाच्या, जवळचं काहीतरी. आणि मुख्य प्रश्न तोच, 'काठावर' का नाही म्हटलं? तसंच, डबा टेबलावर का नाही ठेवला, मांडीवर का ठेवला?

कुंचला

निफाडकर सरांनी शेवटच्या ओळीत सगळं सांगितलं, मी फक्त हाताने कसं करायचं ते सांगतो. मी जेजेतून अप्लाइड आर्ट केलं आणि पुढे मुंबईत एजन्सीत व्हिज्युअलायझर म्हणून बरीच वर्षं काढली, तेव्हा कॉम्प्युटर नव्हते, ब्रोमाइड कापून चिकटवायचे दिवस. आमचे सीनियर लेआउट समोर ठेवून एकच खेळ खेळायचे, एक गोष्ट बदल आणि बघ काय पडतं. मॉडेलच्या हातात कप आहे ना, तिथे ग्लास दे. बाई उजवीकडे बघतेय ना, तिला आपल्याकडे बघायला लाव. काहीच फरक पडला नाही तर ती गोष्ट नुसती भरती आहे, काढून टाक. आणि सगळी जाहिरात कोसळली तर समजायचं अर्थ तिथे आहे.

आता हे त्या चॉकलेटच्या जाहिरातीवर करून बघा. जांभळा काढून हिरवा केला तर? ब्रँड हरवेल, पण गोष्ट तीच राहील. आता डबा त्या दोघींपैकी एकीच्या मांडीवर द्या आणि तो पुरुष शेजारून वाकून मागतोय असं करा. सगळंच उलटलं ना? पेच कुणाला पडलाय तेच बदललं. म्हणजे त्या चित्रात वाटणारा कोण आणि घेणाऱ्या कोण हे ठरलेलं आहे, आणि 'पेच' हा शब्द दोन अर्थांनी त्याच्यासाठी आहे, कुठलं चॉकलेट आणि कुठली मुलगी. त्या मुलींच्या कपड्यांचे रंग चॉकलेटच्या कागदांशी जुळतायत का ते लेकीला बघायला सांगा. जुळत असतील तर ते चुकून झालेलं नाही, हे मी या धंद्यात राहून सांगतो.

एक आठवण सांगतो. स्वयंपाकघरातल्या एका वस्तूची जाहिरात होती, फोटोत फक्त हात दिसणार होता. सुंदर हात, साधा, मोकळा. क्लायंटने परत पाठवला, म्हणाले बांगड्या घाला. बांगड्या घातल्या. परत आला, म्हणाले काचेच्याच घाला, हिरव्या. मी तेव्हा चिडलो होतो, पण आज कळतं की त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं, हिरवा चुडा आला की हात न राहता घर होतं, नवरा होतो, सासूबाई होतात. चेहरा न दाखवता अख्खं कुटुंब उभं केलं त्याने.

तिसरी घंटा

मला मनापासून एक शंका आहे, विषय सोडून वाटलं तर माफ करा. आपण जे काढतो ते खरंच कुणी घातलेलं असतं का? कुंचलादादा, तुमच्या सगळ्या जाहिरातींमध्ये प्रत्येक रंगामागे विचार होता? मला शाळेत कवितेच्या बाबतीतही हेच वाटायचं, कवी म्हणाला पाऊस तर तो पाऊसच असेल ना. मुलं मार्कांसाठी काहीही ओढूनताणून लिहायला लागतात, त्याचं मला वाईट वाटतं.

कुंचला

तिसरी घंटा, शंका रास्त आहे आणि प्रामाणिक उत्तर म्हणजे नाही, प्रत्येक रंगामागे नव्हता. दोन रंगांत छापायचं बजेट असलं की आम्ही काळा आणि लाल घ्यायचो, कारण तो लांबून दिसतो आणि स्वस्तात पडतो. मासिकाचं नाव वरच का असतं? स्टॉलवर अंक एकावर एक रचतात किंवा दोरीला चिमट्याने लावतात, वरचाच भाग दिसतो म्हणून. त्यात कसलं तत्त्वज्ञान नाही.

पण एकदा छापून बाहेर गेलं की आमच्या मनात काय होतं हे विचारायला कुणी येत नाही. लाल म्हणजे कुंकू, लाल म्हणजे क्रांती, लाल म्हणजे एसटी, बघणारा काय घेऊन येतो त्यावर आहे ते. म्हणून परीक्षेत 'कलाकाराला असं म्हणायचं आहे' असं न लिहिता 'अमुक बघणाऱ्याला असं वाटू शकतं, कारण' असं लिहावं. आणि त्या 'कारण'च्या पुढे चित्रातली दाखवता येणारी गोष्ट हवी. नसेल तर ते ओढूनताणूनच, तुमच्याशी सहमत.

भटकी मैना

मी एका दैनिकात पानं लावते, त्यामुळे हा धागा माझ्या अगदी रोजच्या कामाचा आहे. जाईजुई, लेकीला एक जोडी दाखवा, याच्याइतका चांगला धडा मला अजून सापडलेला नाही. २७ जून १९९४ चे टाइम आणि न्यूजवीक. दोघांच्या कव्हरवर ओ. जे. सिम्पसनचा, म्हणजे माजी पत्नीच्या खुनाचा आरोप असलेल्या अमेरिकन फुटबॉलपटूचा, पोलिसांनी काढलेला एकच फोटो. न्यूजवीकने जवळपास आहे तसा छापला. टाइमने चित्रकाराकडून त्यावर काम करून घेतलं, चेहरा काळवंडला, कडा अंधारात गेल्या, वर मथळा 'अॅन अमेरिकन ट्रॅजेडी'. एकाच आठवड्यात दोन्ही अंक स्टॉलवर शेजारी शेजारी आले आणि लोकांना फरक डोळ्यांनी दिसला. प्रचंड टीका झाली, काळ्या माणसाला आणखी काळं केलं की तो आणखी गुन्हेगार दिसतो हे गृहीत का धरलं म्हणून, आणि टाइमच्या संपादकाला खुलासा करावा लागला. खटला तेव्हा उभाही राहिला नव्हता. तो निर्दोष सुटला ऑक्टोबर १९९५ मध्ये, पण कव्हरचा निकाल आधीच लागला होता.

कुंचलादादा म्हणतात ना एक गोष्ट बदल, इथे जगाने तो प्रयोग आयता करून दिलाय. एरवी आपल्याला बदललेली आवृत्ती कल्पनेने करावी लागते.

आणि ज्या माणसाने हे कव्हर वाचणं शिकवलं त्या फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थचंही उदाहरण कव्हरचंच आहे. १९५५ सालचा पारी-मॅच या फ्रेंच साप्ताहिकाचा अंक, न्हाव्याच्या दुकानात बसला असताना त्याच्या हातात आला. कव्हरवर फ्रेंच गणवेशातला एक कृष्णवर्णीय पोरगा सॅल्यूट करतोय, नजर वर. बार्थ म्हणतो की तो बहुतेक फ्रान्सच्या तिरंगी झेंड्याकडे बघतोय. पण झेंडा कव्हरवर नाहीच! तो आपण लावतो. चित्र फक्त सॅल्यूट आणि वर गेलेली नजर देतं, बाकीचं आपलं डोकं पुरवतं, आणि आपणच पुरवलेलं असल्यामुळे ते आपल्याला खरं वाटतं. आता काळ बघा, फ्रान्सने आदल्याच वर्षी व्हिएतनाममध्ये दिएन बिएन फूला मार खाल्लेला, नोव्हेंबर १९५४ पासून अल्जीरियात लढा पेटलेला, म्हणजे साम्राज्य हलत होतं. आणि कव्हर म्हणतंय बघा, वसाहतीतलं पोर कसं प्रेमाने सॅल्यूट करतंय. पोरगा खरा, सॅल्यूटही खरा, खोटं काहीच छापलेलं नाही. तरीही.

निफाडकर सर, एक नम्र मतभेद. व्यंजना आणि हे अगदी एक नाही. काव्यातला ध्वनी सहृदयाला आनंद द्यायला असतो, तो लपत नाही, उलट कळला की मजा येते. बार्थ ज्याला मिथक म्हणतो ते कळू नये यासाठी असतं. माणसांनी घडवलेली गोष्ट 'असंच असतं' अशी दाखवायची, हे त्याचं काम.

निफाडकर

मैना, हे मान्य. फार नेमका फरक सांगितलात. तरी मुलीला सुरुवात आपल्या भाषेतून करून द्यायला हरकत नसावी.

वकीलबाई

मी जाहिरातीतल्या शब्दांबद्दल लिहिते. 'विको टर्मरिक, नहीं कॉस्मेटिक' आपण सगळ्यांनी थिएटरात आणि दूरदर्शनवर ऐकलंय. लहानपणी मला वाटायचं हळदीचं क्रीम म्हणजे नैसर्गिक, म्हणून कॉस्मेटिक नाही, संपलं. एलएलबीला गेल्यावर कळलं की याच प्रश्नावर कंपनी आणि एक्साइज खातं वर्षानुवर्षं कोर्टात होतं, हे उत्पादन सौंदर्यप्रसाधन की आयुर्वेदिक औषध, कारण त्यावर कर ठरतो. शेवटी सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन ते कंपनीच्या बाजूने लागलं. जिंगल त्या वादासाठी लिहिली असं मी म्हणत नाहीये, पण वाद माहीत झाल्यावर 'नहीं' हा शब्द मला पहिल्यासारखा ऐकूच येत नाही.

लेकीला म्हणावं, जाहिरातीत नकार दिसला की थांबायचं. कोण काहीतरी म्हणालं असणार म्हणूनच 'नाही' म्हटलंय. ती जाहिरात कुणाला तरी उत्तर देतेय, त्या न दिसणाऱ्या माणसाला शोधायचं. 'धिस गर्ल कॅन'मध्ये नकार नाही, पण 'कॅन' आहे, म्हणजे कुणीतरी 'कान्ट' म्हणालंय. कोण?

जाईजुई

वकीलबाई, अंगावर काटा आला. लेकीला विचारलं कोण म्हणालं असेल 'कान्ट', तर ती पटकन म्हणाली "आपणच." तिला वर्गात सांगितलं होतं की ही मोहीम काढणाऱ्या स्पोर्ट इंग्लंड या संस्थेच्या पाहणीत दिसलं की बायका व्यायामाला जात नाहीत त्यामागे लोक काय म्हणतील ही भीती मोठी आहे. म्हणून फोटोत ती बाई कॅमेऱ्याकडे बघत नाही, डोळे मिटलेले आहेत, ती स्वतःतच आहे. मी लगेच कुंचलादादांचा खेळ केला, तिला कॅमेऱ्याकडे बघून हसायला लावलं तर? "मग ती जिमची जाहिरात होईल," लेक म्हणाली. मला हे इतकं आवडलं!

गवती चहा

मी निगडीचा, त्यामुळे 'हमारा बजाज' आल्याशिवाय राहवत नाही. १९८९ ची फिल्म, लिंटास या जाहिरात एजन्सीची, अॅलेक पदमसींच्या काळातली. आता माझं म्हणणं असं की ती जाहिरात वाचायची तर त्यात काय नाही ते वाचायला हवं. मायलेज नाही, किंमत नाही, इंजिन नाही. का नाही? तोपर्यंत लायसन्स राजमध्ये स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे, विकायची गरजच नव्हती. पण ऐंशीच्या दशकात जपानी कंपन्यांबरोबरच्या गाड्या आल्या, १९८४ ला कायनेटिक होंडा, १९८५ ला हीरो होंडा, बटणावर चालू होणारी स्कूटर, भरपूर अॅव्हरेज देणारी बाइक. मशीनची मशीनशी तुलना झाली असती तर अवघड होतं, म्हणून मशीनची गोष्टच काढली नाही. म्हातारं जोडपं, कुटुंबं, सगळ्या तऱ्हेची माणसं, आणि 'बुलंद भारत की बुलंद तस्वीर'. 'हमारा'च्या जागी 'मेरा' टाकून बघा, एका माणसाची गाडी उरते. 'हमारा' म्हटलं की दुसऱ्या कंपनीची गाडी घेणं म्हणजे घरातल्याशी तुटल्यासारखं.

हे सगळं कळूनही ते गाणं लागलं की माझा गळा भरून येतो, आमच्या आकुर्डीचं नाव देशभर गेलं होतं. अर्थ कळला म्हणून भावना खोटी होत नाही असं मला वाटतं, तिसरी घंटा तुम्हाला काय वाटतं?

तिसरी घंटा

मला पटलं. 'काय नाही' हे मी कधी बघितलंच नव्हतं. आता आमच्याकडच्या जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा काढून बसलेय. दीनानाथ दलालांची कव्हर्स, काय रंग आहेत! पण बघता बघता लक्षात आलं की दिवा कायम बाईच्याच हातात, आणि तिची नजर कायम खाली किंवा दिव्याकडे.

निफाडकर

दलालांचा 'दीपावली' १९४५ पासूनचा, आमच्या घरी यायचा. त्या स्त्रिया आम्हाला देखण्या वाटायच्या आणि अजूनही वाटतात. दिवा लावणारी ती, हे तेव्हाचं घर होतं. यात काही लपवलंय असं मला वाटत नाही.

भटकी मैना

सर, लपवलंय असं नाही म्हणत मी. दलालांची रेषा माझीही लाडकी आहे. पण त्याच घरात ती बाई अंक वाचतही होती ना? १९३० पासून 'स्त्री' मासिक निघत होतं आपल्याकडे, बायका लिहीत होत्या, भांडत होत्या. मग दिवाळीच्या कव्हरवर वाचणारी बाई इतकी कमी का दिसते आणि दिवा धरलेली इतकी जास्त का? सुंदर चित्रालाच हे विचारायला हवं, कारण कुरूप चित्र कुणी भिंतीवर लावत नाही.

कुंचला

धंद्याची बाजू सांगतो. दिवाळी अंक स्टेशनवरच्या स्टॉलवर गाडी सुटायच्या आत विकला गेला पाहिजे. चेहऱ्यावर खालून पडलेला पिवळा उजेड दहा फुटांवरून ओळखू येतो, पुस्तक धरलेली बाई येत नाही. पण मैना, तुमच्या प्रश्नाचं हे अर्धंच उत्तर झालं हे मलाही दिसतंय. पुस्तकावरही उजेड पाडता आला असता.

आणि जाईजुई, मथळ्याबद्दल राहिलं. बार्थ त्याला नांगर म्हणतो, जहाजाचा नांगर. चित्र इकडे तिकडे हेलकावे खात असतं, शब्द त्याला एका जागी बांधतात. ऑगस्ट २०१० चं टाइमचं कव्हर बघा, नाक कापलेली अफगाण तरुणी, मथळा 'व्हॉट हॅपन्स इफ वी लीव्ह अफगाणिस्तान'. वाक्य प्रश्नाचं, प्रश्नचिन्ह नाही. एक खूण लावली असती तर वाचक विचारात पडला असता. नाही लावली, म्हणून ते उत्तर झालं. आणि तिच्यावर तो अत्याचार अमेरिकन सैन्य तिथे असतानाच झाला होता, हे मथळ्यात मावत नाही. लेकीला 'डिलिशस डिलेमा' असाच तपासायला सांगा, ओळ झाकून फक्त चित्र बघ, मग चित्र झाकून फक्त ओळ वाच.

जाईजुई

सगळ्यांचे मनापासून आभार, दोन दिवस उशीर झाला कारण घरी या धाग्यावरून एक वेगळंच प्रकरण झालं. लेकीने नवीन उत्तर लिहायला घेतलं. ब्रिटनमध्ये चॉकलेट-गोळ्यांवरचं रेशनिंग फेब्रुवारी १९५३ ला उठलं, म्हणजे जाहिरात त्यानंतर जेमतेम तीन वर्षांची, तेव्हा 'कुठलं घेऊ' असा पेच पडणं हीच केवढी चैन होती, हे तिने स्वतः शोधून जोडलं. मागचं जुन्या पोषाखातलं जोडपं म्हणजे 'पूर्वी किती छान होतं' आणि पुढचे तिघे म्हणजे 'आता परत छान झालंय', असं तिचं म्हणणं.

मग रविवारी व्हिडिओ कॉलवर तिने ती जाहिरात सोलापूरच्या आजीला दाखवली, काही न सांगता. सासूबाईंनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि आधी डबाच ओळखला. आमच्या चुलतसासऱ्यांनी दुबईहून आणलेला असा जांभळा डबा त्यांच्याकडे होता, चॉकलेटं आठवड्यात संपली पण डबा कितीतरी वर्षं कपाटावर दर्शनी ठेवलेला, आलागेला विचारायचा फॉरेनचा का म्हणून. नंतर त्यात बटणं आणि रिळं गेली. लेकीने लगेच ते लिहून घेतलं, तीच वस्तू, ती जिथे बनते त्या हॅलिफॅक्समध्ये एक आणि सोलापुरात दुसरी. तिच्या पुस्तकात स्टुअर्ट हॉलचं आहे ना, पाठवणारा एक अर्थ भरतो आणि घेणारा आपल्या जागेवरून काढतो, ते तिला आता कुठे कळलं म्हणे.

पण फोन ठेवता ठेवता सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्या पुरुषाच्या मांडीवर कशाला डबा? आमच्याकडे तर किल्ली माझ्याकडे होती." डबा कुलपाच्या कपाटात जायचा आधी, आणि पोरांना दिवसाला एकच चॉकलेट, ते त्या स्वतः मोजून द्यायच्या! माझ्या लग्नाला सतरा वर्षं झाली, हे मला पहिल्यांदाच कळलं. नवऱ्याला विचारलं तर म्हणतो हो, मला हिरव्या कागदातलं तिकोनी आवडायचं आणि ते कधीच वाट्याला यायचं नाही.

वही अजून बाईंकडे आहे. पुढच्या आठवड्यात जीक्यू या पुरुषांच्या मासिकाचं रहीम स्टर्लिंगचं कव्हर आहे, पाठीला मोठे पांढरे पंख लावलेला फुटबॉलपटू. लेक म्हणतेय आधी पंख काढून बघू, मग इथे विचारू.

कुंचला

पंख काढायच्या आधी ते नक्की कुठून कापलेत ते बघायला सांगा, पूर्ण दिसतात की पानाच्या कडेबाहेर जातात. आणि तिला विचारा, काळे पंख दिले तर?